हळद बाजूला ठेवा, डाळिंबाची साल आणा: मांजरपाट, कतरण आणि जुन्या साड्यांतून रंगीत कपडे, अभ्रे आणि वाकळ

सांगलीत घरच्या घरी कापड रंगवायचं म्हटलं की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. साहजिकच आहे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे, हरिपुरातली हळद साठवायची जुनी पेवं, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, आणि जेवताना शर्टावर सांडलेली आमटी किती पिच्छा पुरवते हे तर घरोघरी ठाऊक. पण डाग पडणं वेगळं आणि रंग टिकणं वेगळं. हळदीत बुडवलेलं कापड पहिल्या दिवशी डोळे दिपवतं आणि गच्चीवर काही दुपारी वाळत घातलं की उतरायला लागतं. हळदीतलं कर्क्युमिन उन्हापुढे टिकत नाही. वर साबण लागला की ते तांबडं होतं. हळदीला चुना लागून कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. अंगात घालायच्या कपड्याला हा रंग कामाचा नाही.

हळदीपेक्षा टिकाऊ आणि जवळपास फुकट मिळणारे रंग दुसरे आहेत: डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, दसऱ्यानंतरचा झेंडू. यांत पैसे जात नाहीत. वेळ आणि जळण जातं ते कापड तयार करण्यात, आणि लोक नेमकी तीच पायरी गाळतात. मग रंग दोन धुण्यांत गेला की 'नैसर्गिक रंग टिकतच नाहीत' असं ठरवून मोकळे होतात.

कापड कुठलं घ्यायचं

नवं घ्यायचं तर मांजरपाट. विट्यात यंत्रमाग आहेत, इचलकरंजी मिरजेपासून लांब नाही, त्यामुळे आपल्या भागात न रंगवलेलं सुती कापड सहज मिळतं. कापड पेठेत कटपीसच्या ढिगात हात घातला तर ताग्याच्या शेवटचे दीड-दोन मीटरचे तुकडे आणखी स्वस्तात सुटतात. कुर्त्याला जरा पातळ विणीचं बघा. पिशवी, अभ्रा, टेबलावरचं कापड यांना जाड चालतं.

जुन्यात धोतर, पंचा, सुती चादर, परकर, काहीही. फक्त सुती हवं. पॉलिस्टरवर हे रंग चढतच नाहीत, आणि आजकाल दुकानदार 'कॉटन' म्हणून देतो त्यात निम्मं पॉलिस्टर निघतं. म्हणून कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडी लावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटाने चुरगळेल अशी मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं: राख आणि तिच्यात कडक कण.

कतरणीसाठी गल्लीतल्या शिंप्याशी गोड बोलून ठेवावं. "काका, सुती कतरण वेगळ्या पिशवीत टाकाल का, शनिवारी येऊन नेते," एवढं पुरतं. त्यांनाही ती कुठेतरी टाकायचीच असते.

ओटीत आलेले ब्लाउजपीस मात्र रंगवायच्या भानगडीत पडू नका. चार घरं फिरून आपल्याच कपाटात परत आलेले ते तुकडे बहुतेक मिश्र धाग्याचे असतात. अस्तराला, पिशवीच्या आतल्या कप्प्याला, तोरणाला उत्तम. रंग त्यांना आधीच भरपूर असतो.

आधी धुणं, मग रंग

यापुढचं सगळं माप कोरड्या कापडाच्या वजनावर. स्वयंपाकघरातला छोटा काटा असला तर बरंच, नसला तर वाण्याकडून कापड तोलून आणा. इथे अर्धा किलो कापड धरलं आहे; तुमचं कमीजास्त असेल तर त्या हिशेबाने घ्या.

मांजरपाटात मागावरची खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. दोन्ही निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत टाका. सकाळी ते पाणी ओतून द्या, मोठ्या पातेल्यात कापड मोकळं बुडेल इतकं नवं पाणी घ्या, त्यात कपडे धुण्याचा सोडा दोन-तीन चमचे आणि साबणाचा थोडा चुरा घालून तासभर उकळा. खायचा सोडा नव्हे. पाणी चहासारखं पिवळट होईल. कोरं मांजरपाट असेल तर दुसऱ्यांदाही उकळावं लागतं. मग साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून वाळवा.

झालं की नाही हे बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. टाकल्या क्षणी पसरून आत गेला तर कापड तयार. क्षणभर जरी मण्यासारखा वर बसून राहिला तर परत सोड्यात उकळा. या चाचणीत सूट नाही. पुढे रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढला तर नव्वद टक्के वेळा कारण इथे सापडतं.

भांड्यांबद्दल एकदाच सांगते: स्टीलचं पातेलं, लाकडी दांडा, आणि ही जोडी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. जुन्या बाजारात पोचे आलेलं स्टीलचं मोठं पातेलं मिळतं, ते घ्या. लोखंडी कढई वापरलीत तर सगळे रंग काळपट येतील. बोअरच्या पाण्याचंही तसंच. जत, आटपाडी, माण भागात बोअरचं पाणी जड असतं. त्याने पिवळा रंग मळकट होऊ शकतो. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी बरं.

हिरडा आणि तुरटी

लोकरीला आणि रेशमाला रंग पटकन धरतो, सुताला नाही. सुताला आधी तुरटपणा द्यावा लागतो आणि मग तुरटी. तुरटपणा हिरड्यातून मिळतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या रानात हिरड्याची झाडं आहेत. आपल्याला काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचा. बाळहिरडा नको, मोठा हिरडा, बिया काढून कुटलेला.

अर्धा किलो कापडाला ७५ ते १०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा, गाळा. त्यात ओलं केलेलं कापड दोन-तीन तास बुडवून ठेवा, मधूनमधून उलटंपालटं करा. काढून पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. कापड फिकट पिवळसर होतं, तसंच व्हायला हवं. डाळिंबाच्या सालीने रंगवणार असाल तर हिरडा वगळला तरी चालतो, कारण सालीतच तो तुरटपणा भरपूर आहे. कांदा आणि झेंडूला मात्र हिरडा हवाच.

आता तुरटी. पांढरी स्वच्छ बघून घ्या, ७५ ग्रॅम. कुटताना धूळ नाकात जाते, तोंडाला रुमाल बांधा. ती गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. वेगळ्या वाटीत दहा ग्रॅम धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा करत तुरटीच्या पाण्यात सोडा. फसफसून वर येईल, म्हणून पातेलं अर्धंच भरलेलं असू द्या. फेस बसला की कोमट पाणी वाढवा, कापड बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिळून वाळवा. रंगवण्याआधी एकदा साध्या पाण्यातून हलकेच काढा, म्हणजे वरवर बसलेली तुरटी निघून जाईल.

इथपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात आणि हातात अजून रंग नाही. इथे धीर सोडायचा नाही. असं तयार करून वाळवलेलं कापड घडी घालून महिनोन्महिने ठेवता येतं. उन्हाळ्यात एकदाच सगळं तयार करून ठेवावं आणि सवडीने रंगवावं.

रंगाचं पाणी

डाळिंबाची साल रसवंत्यांकडे आणि फळांच्या रसाच्या गाड्यांवर पोत्याने पडलेली असते. आटपाडीकडचं कुणी डाळिंबवालं ओळखीचं असेल तर प्रश्नच नाही. आणल्या आणल्या बारीक तुकडे करून कडक उन्हात वाळवा, ओली ठेवली तर बुरशी धरते. फिक्या रंगाला कापडाच्या निम्म्या वजनाची सुकी साल, गडद हवा तर कापडाइतकी.

साल कुटून रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात तासभर मंद उकळा आणि जुन्या पंच्यातून गाळून घ्या. चोथा कापडाबरोबर ठेवायचा नाही, त्याचे डाग बसतात. गाळलेल्या पाण्यात आणखी पाणी घालून कापड मोकळं फिरेल एवढं करा. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून मगच आत सोडा. कोरडं टाकलंत तर जिथे आधी पाणी लागेल तिथे गडद ठिपका कायमचा. मंद आचेवर तासभर ठेवा. खळाखळा उकळी नको, नुसती वाफ निघत राहावी. पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, दांड्याने सतत फिरवत राहायचं. मग आच बंद करून कापड त्यातच गार होऊ द्या, रात्रभर राहिलं तर उत्तम.

सालीचा रंग मातकट पिवळा, जुन्या सोन्याकडे झुकणारा येतो. कांद्याच्या टरफलांना कृती हीच, फक्त भिजवायची गरज नाही. टरफलं वजनाला अगदी हलकी, त्यामुळे अर्धा किलो जमवायला मोठं पोतं लागतं. खानावळीत किंवा भज्यांच्या गाडीवर सांगून ठेवा. पिवळसर नारिंगी ते तपकिरी अशा छटा मिळतात. झेंडूच्या नुसत्या पाकळ्या घ्या, हिरवा देठ काढून टाका, ताज्या असतील तर कापडाच्या दुप्पट. हा तिघांतला सगळ्यात उजळ पिवळा.

लाल हवा असेल तर काष्ठौषधीवाल्याकडेच मंजिष्ठा मिळते. तुरटीवर विटकरी लाल येतो, आच फार वाढवली तर तपकिरी होतो. निळ्याचं तंत्र संपूर्ण वेगळं, ते या पातेल्यात बसत नाही. आणि पांढऱ्या कपड्यांना घालायची बाटलीतली नीळ म्हणजे रंगाची नीळ नव्हे, ती ओतून बघायच्या फंदात पडू नका.

रंगलेलं कापड सावलीतच वाळवा. आठवडाभर तसंच ठेवा आणि मगच रिठ्याच्या पाण्यात पहिलं धुणं करा. थोडा रंग निघेल. तो जास्तीचा असतो.

गंजलेल्या खिळ्यांची किमया

या सगळ्या पिवळ्या घरात वेगळा रंग आणतं ते लोखंड. गंजलेले खिळे, बिजागरी, बैलाच्या जुन्या पत्र्या, जे असेल ते अर्धा-एक किलो, प्लास्टिकच्या बादलीत घाला. शंभर ग्रॅम गूळ, काळपट हलका चालतो, दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवून त्यावर ओता. झाकण घट्ट लावायचं नाही. ते आंबतं, फेस येतो, वास आंबट सुटतो, म्हणून परसात ठेवा. पंधरा-वीस दिवसांत पाणी गडद होतं. गाळून बाटलीत भरून ठेवा आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वापरताना हात आखडता. पाच लिटर पाण्यात चार-पाच चमचे, त्यात डाळिंबाने रंगवलेलं ओलं कापड एक-दोन मिनिटं फिरवायचं. डोळ्यांदेखत पिवळा मावळतो आणि शेवाळी, मग राखाडी हिरवा उमटत जातो. हवा तो आला की लगेच काढून धुवा. नुसतं हिरड्याचं कापड बुडवलं तर राखाडी, आणखी बुडवलं तर काळ्याकडे जातं. जास्त लोखंड सुताला खातं. कापड काही वर्षांत विरतं. म्हणून पूर्ण काळा कुर्ता करण्यापेक्षा काठाला, गळ्याच्या पट्टीला, बांधणीच्या नक्षीला वापरा.

बांधणी रंगाच्या पातेल्यात जाण्याआधी करायची. कृष्णेकाठचे वाटाण्याएवढे गुळगुळीत खडे धुऊन घ्या. कापडाखाली खडा धरून वरून चिमूट काढा आणि खड्याच्या बुडाशी दोऱ्याचे सात-आठ वेढे जेवढे ताणता येतील तेवढे ताणून बांधा. वेढ्यांतलं अंतर मोकळं राहिलं तर रंग आत झिरपतो आणि कडं फुटकं येतं. मुलांना हे काम फार आवडतं आणि त्यांच्या कड्या वाकड्यातिकड्या आल्या की ओढणी अधिक छान दिसते. कांद्यात रंगवून, गाठी न सोडता दोन मिनिटं लोखंडाच्या पाण्यात फिरवून बघा. गडद शेवाळी जमिनीवर फिकट कडी उठतात. गाठी कापड पूर्ण वाळल्यावरच सोडा.

हळदीचं मग काय? उन्हात न जाणाऱ्या वस्तूंना वापरा: डब्यातली पुरचुंडी, पिशवीचं अस्तर, सणाचं तोरण. आणि घरात लहान मुलं असतील तर हळदीत रंगवलेल्या रुमालावर सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने चित्र काढायला द्या. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटलेली बघून अर्धी दुपार शांततेत जाते.

अभ्रा आणि पायपुसणं

साध्या शिवणाची सुरुवात अभ्र्यापासून करावी, कारण त्यात चेन नाही, बटण नाही. १७ बाय २७ इंचांच्या उशीला १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब अशी एक पट्टी कापा. दोन्ही रुंदीच्या कडा अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून शिवून घ्या. सुलटी बाजू आत ठेवून पट्टीची घडी अशी घाला की उशीएवढे दोन थर होतील आणि सहा इंचांचा पदर वरून आत येईल. दोन्ही लांब बाजूंना अर्ध्या इंचावर शिवण मारा, उलटवा, झालं. तो सहा इंचांचा पदर उशीला आत धरून ठेवतो.

जुन्या साड्यांत ज्या वाकळेला चालणार नाहीत अशा, म्हणजे नायलॉन, जॉर्जेट, त्यांच्या तीन इंची लांब पट्ट्या फाडा. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घाला, पट्टी संपली की पुढची तिच्या टोकाला शिवून जोडा. वेणी जमिनीवर सपाट ठेवून गोल गुंडाळत जाडसर दोऱ्याने शेजारच्या फेरीला टाचत जा. हातात धरून शिवलं तर वाटीसारखं वर उचलतं, जमिनीवरच ठेवा. असं पायपुसणं लवकर वाळतं, पावसाळ्यात दाराशी त्याचीच किंमत कळते.

वाकळ

रंगवलेल्या तुकड्यांचं खरं चीज वाकळेत होतं. मऊ झालेली सुती साडी घ्या. साडेपाच मीटर म्हणजे साधारण अठरा फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. साडीचा पन्हा ४५ इंच, म्हणून दोन तुकडे कडेला कडा जोडले की सहा बाय साडेसात फुटांचा एक थर तयार. दोन साड्यांत तीन थर निघतात. सांगलीच्या थंडीला तीन पुरेत. सातारा, वाई, महाबळेश्वरकडे पाच घाला. त्यापुढे गेलात तर सुई आणि मनगट दोन्ही कुरकुर करतात.

वरच्या थरासाठी रंगवलेल्या मांजरपाटाचे आणि कतरणीचे सहा इंची चौकोन कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो. सगळे एका आकाराचे हवेत असं नाही, पण ओळीची उंची सारखी ठेवा, म्हणजे ओळी सरळ जोडता येतात. गडद-फिका असा मेळ आधी जमिनीवर मांडून लांबून बघा. माझ्या मते चार मातकट रंगांमध्ये जुन्या साडीचा एखादा भडक गुलाबी तुकडा हवाच, नाहीतर वाकळ फार सोज्वळ दिसते. लोखंडाने रंगवलेले तुकडे इथे टाळा, तेच आधी विरतात.

आता दोन माणसं लागतात. फरशी झाडून पुसून खालचा थर अंथरा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, हाताने मधून बाहेर सुरकुती काढत न्या. त्यावर दुसरा, तिसरा, शेवटी रंगीत थर. सगळ्या थरांतून वीतभर अंतरावर लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा उभा-आडवा घाला. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर आतला थर गोळा होतो आणि मग तो सरळ करता येत नाही.

कडेला तीन इंची पट्टीचा गोट किंवा साडीचे जुने काठ लावून घ्या. मग पक्का धावदोरा, बाहेरच्या कडेपासून चौकोन चौकोन करत मध्याकडे. जाड सुती दोरा दुहेरी, गोधडीची लांब सुई, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरा आणि दोरा ओढा, पण इतका नाही की कापड चुणेल. दर टाक्याला डाव्या हाताचं बोट खालून लावून सुई सगळ्या थरांतून आली का ते जाणवून घ्या. दोरा संपला की गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. शिवता शिवता वाकळ सगळ्या बाजूंनी आटते, म्हणून सहा बाय साडेसातची कापलेली तयार झाल्यावर बरीच लहान भरते; हे धरूनच मापं घ्या. शेवटी कच्चा धावदोरा उसवून टाका.

रोज संध्याकाळी तासभर बसलं तर एका माणसाला सहज दोन-अडीच महिने जातात. जानेवारीत सुरू करून पाडव्याच्या सुमाराला संपवली तर पहिलं धुणं कडक उन्हात मिळतं. गार पाणी, रिठा, धोपाटणं नाही. ओली वाकळ एकट्याने उचलता येत नाही इतकी जड होते, आणि दोरीवर लोंबती टाकली तर टाके ताणून तुटतात. गच्चीच्या कठड्यावर किंवा उपड्या बाजेवर आडवी पसरा आणि रंगीत बाजू खाली ठेवून वाळवा.